मगरिबच्या अजानला आलेलं उत्तर

अम्मान,
रमजानचा शेवटचा आठवडा

प्रिय अरीन,

परवा तू फोन आपटलास तेव्हा माझ्या तोंडात अर्धं वाक्य होतं. ते अजून तिथेच आहे. तुझी काकू म्हणते, "अर्धं राहिलं ते बरं झालं. पुरं झालं असतं तर पोरीने ईदलासुद्धा दार उघडलं नसतं." तिच्या मते मी जन्माचाच संशयी. आमच्या लग्नाच्या बोलणीत तिच्या वडिलांनी कॉफी पुढे केली, तर मी म्हणे आधी त्यांना पिऊ दिली आणि मग ओठाला लावली. मला असलं काही आठवत नाही. कॉफी गार झाली होती, एवढं आठवतं.

इकडे सगळं ठीक. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पण महिनाभर गाडी चालवायची नाही असं डॉक्टर म्हणाले. नाहीतर हे सगळं तुझ्या अकबाच्या ओसरीवर, समुद्राकडे तोंड करून बोललो असतो. ऑफिसात तुझी खुर्ची दीमाने घेतली आहे, पण उशी बदललेली नाही. म्हणते, "अरीनआपा परत आल्या तर मला शिव्या नकोत." रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडे कतायेफसाठी रांग लागते, आणि तिथे उभं राहून मी लोकांचं बोलणं ऐकतो. ही सवय काही जायची नाही.

ती कुठून लागली हे तुला ठाऊक आहे. तुझे वडील शाळेत जायचे तेव्हा मी कोर्टाच्या भिंतीला टेकून, छत्रीखाली टाइपरायटर घेऊन बसायचो. लोक यायचे, गाऱ्हाणं सांगायचे, मी अर्ज ठोकून द्यायचो. तिथे मी दोन गोष्टी शिकलो. पहिली, खरं बोलणारा माणूस भरकटतो. भावाने जमीन बळकावली हे सांगता सांगता तो मध्येच आईच्या गुडघ्यांवर जातो, शेळीवर जातो, उन्हाला शिव्या घालतो. खोटा माणूस सरळ येतो. त्याचं बोलणं इस्त्री केलेलं असतं. दुसरी गोष्ट तिथल्या एका जोडीकडून शिकलो. एक जण खेड्यातून आलेल्या माणसाला दरडावायचा, "कागद अपुरा आहे, आत टाकतील तुला!" मग दुसरा यायचा, पाठीवर हात फिरवायचा, "घाबरू नका हो, द्या इकडे, मी बघतो." आणि दुपारी ते दोघे एकाच ताटलीतलं हुमुस पुसून खायचे.

म्हणून परवा फोनवर तुझ्या त्या मदतनीस बासिलबद्दल बोललो.

तू 'इशारा' हा प्रोग्राम बनवलास तेव्हा मी तुझ्या शेजारीच बसलो होतो. दिवसरात्र टाइप करून तुझी मनगटं सुजली होती. चहाचा पेला दोन्ही हातांनी धरायचीस. सगळ्या प्रोग्रामरना तेच तेच शब्द, त्याच त्याच ओळी पुन्हा पुन्हा ठोकाव्या लागतात. तू म्हणालीस, "काका, मी दोन अक्षरं मारीन, उरलेलं यंत्राने लिहावं." आणि लिहायला लावलंस. मग ते विकायचं सोडून चारचौघांत उघडं टाकलंस, कोणीही घ्या, वाचा, सुधारा, फुकट. मी कपाळाला हात लावला. पण पुढे कुठल्या कुठल्या देशांतली माणसं तुझ्या त्या इंटरनेटवरच्या चावडीवर येऊन लिहू लागली, की तुमच्यामुळे आमची बोटं वाचली, संध्याकाळ वाचली. तेव्हा कबूल करतो, मी कतायेफच्या रांगेत ओळख नसलेल्या लोकांनाही सांगायचो, माझ्या पुतणीचं काम आहे म्हणून. आपण ज्या दवाखान्यांचे संगणक सांभाळतो, तिथेसुद्धा आपल्या ऑफिसातली मुलं इशाराच वापरतात.

सुधारणा कोणीही पाठवावी, पण आत घ्यायची की नाही हे किल्ली असणाऱ्याने ठरवायचं. ती किल्ली आजवर फक्त तुझ्याकडे आहे. आणि ईदच्या सकाळी ती तू बासिलला देणार आहेस. थकलीस, हे मला कळतं. मनगटं पुन्हा धरली आहेत हे लैसने मला गुपचूप सांगितलं. त्याच्यावर रागावू नकोस, नवरा आहे, काळजी करणारच. फुकट दिलेल्या वस्तूवर लोक किती हक्काने भांडतात हे मी वाचलंय. "इशारा मेला का?" "बाईंना जमत नसेल तर दुसऱ्याला द्या." पण अरीन, हे दोघे-तिघे जे भांडतात, ते याआधी कुठे होते? त्यांनी एकही चूक दाखवलेली नाही, एकही ओळ लिहिलेली नाही. ते फक्त दरडावायला येतात. आणि त्यांची शाई वाळायच्या आत बासिल हजर, "अरीनआपा, तुमचे हात महत्त्वाचे. भार माझ्यावर टाका." मला हुमुसची ताटली दिसली. त्याला मी काय करू?

तू फोनवर म्हणालीस, "काका, दोन वर्षं तो माणूस फुकट राबतोय आणि तुम्ही त्याचं घराणं विचारताय! मुलगी द्यायची आहे का त्याला?" अगं, मुलगीच द्यायची आहे! तुझी धाकटी द्यायची वेळ आली तर लैस काय करेल? मुलाच्या गावी माणूस पाठवेल. शेजारी कोण, वाणी काय म्हणतो, मशिदीत कोणी ओळखतं का, सगळं विचारेल. तेव्हा कोणी लैसला संशयी म्हणत नाही, बाप म्हणतात. इशारा तुझ्या हातांतून निघाला, आणि त्याला तू अशा माणसाच्या घरी धाडतेस ज्याचं तोंड कोणी पाहिलेलं नाही. बासिल इरबिदचा म्हणतो. बरं. मी त्याची दोन वर्षांची लिखापढी दीमाकडून काढून घेतली आणि नव्या डोळ्याने बसून वाचली. कुठेही भरकटलेला नाही. आई नाही, बहिणीचं लग्न नाही, वीज गेली नाही, शेजाऱ्याचा कोंबडा नाही. इरबिदच्या माणसाला मी तीन वाक्यांच्या पुढे मुद्द्यावर राहिलेला पाहिलेला नाही. फक्त एकदा त्याने लिहिलंय, "रोज्याने डोकं जड झालंय, तरी तुमचं काम आधी." ते मात्र लक्षात ठेवलं.

आणि परवा, तू फोन आपटल्यावर, मी त्याला जेवायला बोलावलं. थांब, आधी ऐकून घे. चावडीवर सगळ्यांसमोर चांगल्या अरबीत लिहिलं, "बाळा, मी अरीनचा काका. तू आमच्या पोरीला एवढी मदत करतोस, इरबिद काही लांब नाही, गुरुवारी रोजा सोडायला ये. काकू मटणाचं मन्सफ करणार आहे." आणि हे पाठवलं कधी? सूर्य बुडाला, मगरिबची अजान सुरू झाली, त्याच क्षणी. काकू ओरडत होती, "अहो, खजूर तोंडात घाला, मग खेळा त्या यंत्राशी!" रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. अख्ख्या देशाचा हात त्या वेळी खजुराच्या ताटात असतो. ज्याचा रोजा नसतो तोही त्या वेळी कुणाच्या तरी पानावर बसलेला असतो. माझा खजूर गिळून व्हायच्या आत उत्तर आलं. वाचायला तुला डोळे ताणावे लागणार नाहीत. "धन्यवाद. व्यस्त आहे. किल्ली लवकर मिळाल्यास काम पुढे जाईल."

मी काकूला वाचून दाखवलं. तिच्या हातातला डाव तसाच राहिला. म्हणाली, "शपथ नाही? 'आईला बरं नाही' नाही? 'आधी तुम्ही आमच्याकडे या' नाही?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग हा इरबिदचा नाही. आणि असलाच तर ह्याला आई नाही." आपल्याकडे मन्सफला नाही म्हणायला माणसाला निदान अर्धा तास लागतो. वेळ नसला तरी काढतो, कारण घाईने नकार देणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावणं. हे शिकवावं लागत नाही. म्हणून तर सोंग घेऊन येणाऱ्याला ते शिकून घ्यायचं सुचत नाही.

चुकत असेन मी. जगात अबोल माणसं असतात, रोजा मोडणारे असतात, घरातून बाहेर पडायला घाबरणारेही असतात. बासिल तसा निघाला तर चार वडीलधारी माणसं घेऊन इरबिदला जाईन, त्याच्या दारात बसेन, आणि तो माफ करेपर्यंत त्याच्या कॉफीला हात लावणार नाही. तुझी काकू साक्षीला आहे. पण तोवर किल्ली देऊ नकोस.

आता तू विचारशील, एवढं सांगायला काकाने कागद का काढला, आणि अबू आयहमच्या बसमधून हाताने का पाठवला. तू फोन उचलत नाहीस हे आहेच, पण ते कारण नाही. काल दीमा माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं. इशाराची जी नवी आवृत्ती गेल्या आठवड्यात बाहेर पडली, त्यात बासिलने चाचणीसाठी म्हणून एक गाठोडं घातलंय. तू थकली होतीस, त्याच्यावर भरवसा होता, न उघडता आत घेतलंस. दीमा म्हणाली, "काका, बाकीचं सगळं स्वच्छ आहे. हे गाठोडं मात्र मला वाचता येत नाही. आणि जे वाचता येऊ नये म्हणून कोणी मेहनत घेतली आहे, ते मला आवडत नाही." आम्ही आपल्याकडची यंत्रं जुन्या आवृत्तीवर नेली, दवाखान्यांतली आज संध्याकाळपर्यंत होतील. तुझ्या टेबलावरच्या यंत्रात मात्र ती नवी आवृत्ती बसलेली आहे. इशारा तुझं प्रत्येक अक्षर बघतो, बघितल्याशिवाय पुढचं लिहिणार कसा? म्हणजे मला उत्तर लिहायला तू बोट उचललंस, किल्लीचा परवलीचा शब्द ठोकलास, की माझ्याआधी कदाचित तोच वाचेल. म्हणून त्या यंत्राची तार भिंतीतून काढ. लैसचा संगणक घे, त्यात इशारा नाही. त्यावरून किल्ली बदल आणि नवी आवृत्ती मागे घे. उत्तर मात्र कुठूनच लिहू नकोस, तुझ्या टपालाचा परवलीचा शब्दही त्याच्या हाती गेला असेल. अबू आयहम दुपारपर्यंत अकबाच्या स्टँडवर आहे. त्याच्या हाती ईदचा मामूल पाठव, पीठ लैसला मळू दे, तुझे हात जप. किल्ली बदलली असेल तर खजुराच्या सारणाचा पाठव, नसेल तर पिस्त्याचा. मला पिस्त्याचा जास्त आवडतो हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तरी या वेळी, पोरी, डबा उघडल्यावर मला खजूर दिसू दे.

तुझाच,
मुफ्लिह काका