आईचं शेवटचं वाक्य

ताई,

तुझ्या चिमीला सिनेमे लिहायचेत, तिला चार गोष्टी सांग म्हणालीस. मी इथे शूटिंगचे लाइट उचलणारा, सातवी नापास. पण एक पटकथा मीही लिहिली. तिला सांग, डोळ्यांनी पाहिलं तेच लिही. आणि लाजू नको, वाचणाऱ्याच्या मागे लाग. मी आमच्या सिनेमाच्या लेखकसाहेबांच्या इतका मागे लागलो की कंटाळून वाचली त्यांनी.

आई जाते तो प्रसंग तू फोनवर सांगितलास तसाच मी उतरवला होता. शेवटी ती एवढंच म्हणते, "गॅस बंद केलास का गं?"

साहेब हसले. "अरे लाइटवाल्या, पोरगा इतक्या लांब, आणि मरताना आईला गॅस आठवतो? ती त्यालाच हाका मारणार. हे तर त्याला लागू नये म्हणून कुणीतरी रचून सांगितल्यासारखं वाटतं."

पटकथा त्यांनी परत केली. नकाराचं काही नाही गं, तो पचतो. पण आई गेली त्या दिवशी फोनवर तू ते गॅसचं वाक्य सांगण्याआधी किती वेळ गप्प होतीस, ते साहेब बोलल्यापासून डोक्यातून जात नाही.

आई मला बोलवत होती का?

विचारलं तर या वेळी तू खरं सांगशील. म्हणून हे पत्र पोस्टाच्या पेटीत टाकत नाही.

तुझा,
धाकटा