शनिवार-रविवारच्या सह्या

३० ऑक्टोबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठे शास्त्रज्ञ लिहितात म्हणे. आपणही लागलेलं बरं.

पीएचडीचे अर्ज सुरू झाले. बायोमेडिकलचे पाच प्रोग्राम निवडले. तीन ठिकाणी नक्की होईल, दोन आपले राखीव. शेवटची तारीख ३० नोव्हेंबर. त्याआधी अर्जासोबतचा निबंध, एसओपी, लिहायचा. म्हणजे आपण किती थोर आहोत ते आपणच हजार शब्दांत नम्रपणे सांगायचं. वेळापत्रक केलं, पाच रंगांत. त्यात दुपार गेली, पण पाया पक्का झाला.

लॅबमधली छोटीही अर्ज करतेय. वयाने माझ्याहून दोन वर्षं लहान, उंचीनेही बेताची, म्हणून छोटी. सहा महिने डिशमध्ये स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, वाढवतेय. त्यांच्यावरचा शेवटचा प्रयोग झाला की ते आकडे अर्जात घालणार. शनिवारी तिच्या वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन आहे. दादा, दोन दिवस माझ्या पेशींना खायला घालशील का, असं विचारत होती. म्हटलं, त्यात काय एवढं. बदल्यात माझ्या इंटरव्ह्यूची तयारी करून घेईन म्हणाली. मला गरज नाही, पण तिला बरं वाटतं.

१ नोव्हेंबर, बुधवार
एसओपीचं पहिलं वाक्य तयार. दुसरं उद्या.

३ नोव्हेंबर, शुक्रवार
छोटीने सगळं दाखवलं. मला! तीन वर्षं या लॅबमध्ये रिसर्च असिस्टंट आहे मी. पेशींचं खाणं म्हणजे मीडियम, गुलाबी पाणी. रोज जुनं काढायचं, नवं घालायचं. शिळं झालं की पिवळं पडतं. एक दिवस चुकला तर पेशी कुरकुरतात, दोन दिवस चुकले तर मरतात. मी मान डोलावत होतो. बाटलीवर चिठ्ठीसुद्धा लावली तिने: 'दादा, आधी कोमट करून घे.' वडिलांपेक्षा पेशींचीच काळजी जास्त.

पेशी ज्या उबदार कपाटात ठेवतात त्या इन्क्युबेटरच्या दारावर तक्ता आहे. खायला घातलं की तारखेसमोर सही करायची. तिथलं दोरीचं पेन कधी जागेवर नसतं. आज होतं. शनिवार, रविवार, दोन्ही सह्या ठोकून टाकल्या. तेवढाच उद्याचा वेळ वाचला.

४ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी ११. कामाला लागलो. 'समर्पण' या विषयावरचा परिच्छेद. रंगात आलाय, आता उठणं बरोबर नाही. चारला लॅबमध्ये जाईन.

संध्याकाळी ६. परिच्छेद अजून चालूच. एका दिवसाने काही होत नाही, छोटीच म्हणाली होती. फक्त कुरकुरतात. उद्या सकाळी पहिलं काम.

५ नोव्हेंबर, रविवार
एसओपी पूर्ण! नऊशे ऐंशी शब्द. शेवटचा परिच्छेद वाचून माझेच डोळे पाणावले. 'पेशींना सुट्टी ठाऊक नसते, म्हणून मलाही नाही.' हे वाक्य लिहिलं आणि पेशी आठवल्या. घड्याळात पावणेसहा. रविवारी इमारत पाचला बंद होते. गार्डला फोन केला. तो म्हणाला, उद्या सातला उघडतो.

सह्या झालेल्या आहेत, तेवढं एक बरं.

६ नोव्हेंबर, सोमवार
सातच्या ठोक्याला दारात हजर. कोणाला पटेल? मीडियम पिवळंजर्द. सगळ्या डिशमधलं बदललं. पेशी बऱ्याचशा जुन्या मीडियमबरोबर तरंगत निघून गेल्या. मायक्रोस्कोपखाली बघायचं धाडस झालं नाही. पण वरून सगळं छान गुलाबी दिसत होतं. पिवळी घाण ओतली, बेसिन दोनदा धुतलं, खाली जाऊन चहा घेतला.

साडेनऊला छोटी आली. आधी तक्ता बघितला. दादा, थँक्यू, बाबांचं ऑपरेशन छान झालं, म्हणाली. घरून माझ्यासाठी खाऊचा डबा आणला होता. मग डिश घेऊन मायक्रोस्कोपला बसली. बराच वेळ उठली नाही. मी डबा बॅगेत ठेवला. खाल्ला नाही. अजून नाही खाल्ला.

७ नोव्हेंबर, मंगळवार
मॅडमनी मीटिंग घेतली. मॅडम म्हणजे लॅबच्या प्रमुख, आवाज कधी चढत नाही, त्यामुळे जास्त भीती वाटते. तक्त्यावर सह्या आहेत, मीडियम ताजं आहे, मग पेशी मेल्या कशाने? छोटी म्हणाली, मीडियम मीच बनवलं होतं, माझंच काही चुकलं असणार. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण शेवटी हाताळलं मी. मी म्हणालो, इन्क्युबेटर जुना झालाय, तपासून घ्यायला हवा. मॅडमना पटलं. इंजिनिअरला बोलावलंय, तो महिनाभराने येणार.

मीटिंगनंतर छोटीला म्हणालो, होतं असं कधीकधी. तिने मान हलवली. मला माझाच राग आला.

संकल्प: शुक्रवारी तिला सगळं सांगायचं.

१० नोव्हेंबर, शुक्रवार
सांगणारच होतो. तिला सर्दी झाली होती. आजारी माणसाला असल्या बातम्या देऊ नयेत.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार
छोटी मीडियम पुन्हा पुन्हा बनवतेय. चार वेळा मोजते, वहीत लिहिते, मग पाचव्यांदा मोजते. आधी गुणगुणत काम करायची, ते बंद झालंय. शेजारी बसून मी एसओपीतले स्वल्पविराम तपासले. सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं, तुझ्याकडे स्टेपलर आहे का.

३० नोव्हेंबर, गुरुवार
दुपारी ३.४० ला पाचही अर्ज पाठवले. टाळी वाजवावीशी वाटली. छोटीला विचारलं, तुझा गेला का? म्हणाली, यंदा नाही करत दादा. आकडेच नाहीत, दाखवू काय? शिवाय माझ्या हाताला हे काम जमतं का, हीच शंका येतेय. मावशीच्या ओळखीत एका कंपनीत रिपोर्ट टाइप करायची जागा आहे, बघते. डोळे कोरडे होते, हसतसुद्धा होती.

हीच वेळ होती सांगायची. पण अर्ज नुकतेच गेले होते. आत्ता काही बाहेर आलं असतं तर मॅडमचं शिफारसपत्र? माझं एकट्याचं असतं तर गोष्ट वेगळी होती. घरच्यांच्या आशा आहेत. इंटरव्ह्यू झाला की त्याच दिवशी सांगेन. तारीख ठरली म्हणजे निम्मं सांगितल्यासारखंच.

'पेशींना सुट्टी ठाऊक नसते' काढून टाकणार होतो. परिच्छेद लंगडा झाला असता. ठेवलं.

१२ डिसेंबर, मंगळवार
इंजिनिअर येऊन गेला. मी इंटरव्ह्यूचं जॅकेट शिवायला टाकायला गेलो होतो. परतल्यावर छोटी म्हणाली, मशीन ठणठणीत आहे. मी मनोमन किती विनवलं होतं की बिघडलेलं निघू दे! थोडं तरी!

छोटी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होती. बोलली मोजकंच. दादा म्हणाली नाही. घाईत असेल.

३ जानेवारी, बुधवार
पाचपैकी चार नकार. पाचव्या ठिकाणी इंटरव्ह्यूचं बोलावणं! शेवटी एकच जागा लागते. आईला सांगितलं. ती कुंड्यांची पानं पुसत होती. खूश झाली, पण म्हणाली, तिथे काम नीट कर हो. लहानपणी तुला कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं की घातलं म्हणायचास आणि माती कोरडी ठणठणीत. तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आयांची स्मरणशक्ती नको तिथे चांगली असते.

९ जानेवारी, मंगळवार
छोटीने माझा सराव इंटरव्ह्यू घेतला. लॅबच्या पँट्रीत, कागदावर प्रश्न लिहून, अगदी शब्द दिल्याप्रमाणे. शेवटचा प्रश्न: तुमच्या हातून झालेली एक मोठी चूक सांगा. माझं उत्तर तयारच होतं. मी फार बारकाईने काम करतो, त्यामुळे वेळ लागतो. तिने कागदावर काहीतरी लिहिलं. पुन्हा एकदा करू या का, म्हणाली.

११ जानेवारी, गुरुवार
पुन्हा सराव. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा तेच उत्तर, या वेळी हातवाऱ्यांसह.

१५ जानेवारी, सोमवार
तिसऱ्यांदा. तिला म्हटलं, हा प्रश्न पाठ झालाय आता, दुसरं काही विचार. कागदाची घडी करून म्हणाली, बरं. ऑल द बेस्ट.

कंपनीतल्या नोकरीचं विचारलं. नाही घेतली म्हणाली. फ्रीझरमध्ये ठेवलेल्या जुन्या पेशी बाहेर काढून पुन्हा पहिल्यापासून वाढवतेय. ऐकून मला एवढं हलकं वाटलं की आता सांगायची गरजच उरली नाही असं क्षणभर वाटलं. क्षणभरच.

१८ जानेवारी, गुरुवार
इंटरव्ह्यू झाला. जसाच्या तसा लिहितो.

तिघंजण. मधोमध एक वयस्कर प्राध्यापिका, चष्मा कपाळावर ढकललेला. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं मी फाडफाड दिली. पाचवा तिने विचारला, तोच सरावातला. चूक. मी बारकाईचं उत्तर दिलं. ती म्हणाली, ही चूक नाही, हे कौतुक झालं. चूक सांगा.

आणि काय झालं देव जाणे, सगळं बाहेर पडलं. आगाऊ सह्या, पिवळं मीडियम, धुतलेलं बेसिन, छोटीचा खाऊचा डबा. सगळं. डावीकडचे गृहस्थ पुढे झुकून ऐकत होते. खरं सांगायचं तर मध्येच मला वाटलं, आपण बोलतोय फार छान. आवाजही योग्य जागी दाटला. प्रामाणिकपणाचे वीसपैकी वीस.

मग कपाळावरचा चष्मा नाकावर आला. तिने विचारलं, आणि तुम्ही हे त्या मुलीला सांगितलंत तेव्हा ती काय म्हणाली?

मी पाणी प्यायलो. ग्लास रिकामा होता, तरी प्यायलो. म्हणालो, ती समजूतदार आहे.

तिने कागदावर काहीतरी लिहिलं. फार नव्हतं.

परतताना बसमध्ये जॅकेट काढून मांडीवर घेतलं. तीन अनोळखी माणसांना सांगता आलं. जिच्या शेजारी रोज बसतो तिला नाही.

१९ जानेवारी, शुक्रवार
सांगितलं.

छोटी डिशवर तारखा लिहीत होती. लिहायची थांबली नाही. म्हणाली, इंजिनिअर आला त्या दिवशीच कळलं. इन्क्युबेटरचं दार कधी उघडलं हे मशीन नोंदवतं. त्याने कागद काढून दिला. शनिवार-रविवार दार उघडलंच नव्हतं. सोमवारी सात वाजून बारा मिनिटांनी उघडलं. चोवीस मिनिटं उघडबंद चालू होती.

मग तीनतीनदा तो प्रश्न का विचारलास, म्हटलं. म्हणाली, वाटलं, सांगशील. माहीत होतं तर सराव तरी कशाला घेतलास? म्हणाली, हो म्हटलं होतं ना तुला.

मी सॉरी म्हटलं. तेव्हा हात थांबला तिचा. म्हणाली, पेशींचं काही नाही, त्या मी परत वाढवीन. पण महिनाभर मला वाटत होतं की माझ्या हातालाच हे काम जमत नाही. आईला तसं सांगूनही बसले. तू शेजारी बसून बघत होतास.

मला वाटलं होतं, सांगितलं की मोकळं वाटेल. नाही वाटलं.

२२ जानेवारी, सोमवार
मॅडमना सांगितलं. आवाज चढला नाही. म्हणाल्या, तुझ्या शिफारसपत्रात मी 'विश्वासू' असं लिहिलंय. ते माझ्या सहीने गेलंय.

बाहेर आलो, पुन्हा आत गेलो, पुन्हा बाहेर आलो, दार हळू लावून घेतलं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
मेल आली. 'यंदा अर्जदारांचा दर्जा असाधारण असल्यामुळे...' पुढचं वाचायची गरज नव्हती, तरी तीनदा वाचलं. जागा कमी असणार. त्या तिघांतल्या कोणाचा तरी भाचा असणार.

नाही. भाचा नसणार.

आईने विचारलं, काय झालं. म्हटलं, माती कोरडी निघाली. तिने पाठीवर हात ठेवला, त्याने जास्तच रडू आलं.

१ मार्च, शुक्रवार
छोटीच्या नव्या पेशी छान वाढल्यात. पुढच्या अर्जापर्यंत आकडे होतील. पुन्हा गुणगुणते, मी आत गेलो की थांबते.

वडिलांचा दुसरा डोळा उद्या आहे. दोन दिवस नसेल. मी आपणहून म्हटलं, मी आहे ना. तिने जरा विचार केला. म्हणाली, बघते.

संध्याकाळी तक्ता लागला. पेशींसमोर मॅडमचं नाव. शनिवार-रविवार, दोन्ही दिवस, मॅडम स्वतः येणार. माझंही नाव आहे, सगळ्यात खाली. दादा नाही लिहिलेलं, आडनावासकट पूर्ण नाव. काम: इन्क्युबेटरच्या तळाशी पाण्याचा ट्रे असतो, आत दमटपणा राहावा म्हणून, तो भरणे.

पुढच्या वर्षीच्या एसओपीत घालता येईल: 'दमटपणाची संपूर्ण जबाबदारी माझ्यावर सोपवण्यात आली.' लिहिलं. खोडलं.

२ मार्च, शनिवार
ट्रे भरला.

३ मार्च, रविवार
सकाळी ९.१०. ट्रे जवळजवळ भरलेलाच होता, उद्यापर्यंत सहज पुरला असता. मॅडम येऊन गेल्या होत्या, दार त्यांनी उघडलेलंच, त्यामुळे मशीनच्या नोंदीत काही कळलंही नसतं. दोरीचं पेनही जागेवर होतं.

कपभर पाणी घातलं. दार लावलं. मग सही केली. त्या क्रमाने.