मिस्सेआधीचा लाल सिलिंडर

शनिवार, १ मार्च
बुधवारी ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो. यंदा बोलणे कमी करायचे, लिहिणे वाढवायचे. म्हणून ही वही.

मोठी गोष्ट अशी की घरची मिस्सा, म्हणजे फादरांनी घरी येऊन करायची उपासना, यंदा माझ्याकडे. वाडीतली सगळी घरे फिरून पाळी अठरा वर्षांनी माझ्या दारात आली आहे. गेल्या वेळी आई होती. गुरुवार, तेरा तारीख, सकाळी साडेआठ. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फादर डर्कन मिस्सा म्हणतील, मग बावीस माणसांची न्याहारी. एकटा माणूस घर कसे ठेवतो ते सगळ्यांना दिसेल.

अडचण एकच. पहाटे गारठा पडला की मागच्या भिंतीबाहेरचा पिवळा ब्युटेन सिलिंडर रुसतो. आज किटलीला चाळीस मिनिटे लागली. या वेगाने अंडी ईस्टरला उकडतील.

सोमवार, ३ मार्च
शेजारचा बार्टली मेंढ्या हाकत आला. म्हणाला, अरे कोलमन, ब्युटेन थंडीत बाटलीतच पाणी होऊन बसतो, त्याला जप करून उठवणार का? लाल घे, प्रोपेनचा. शेगडीखालची पट्टी वाचली. दोन्ही गॅस चालतात. म्हणजे शेगडी तीच, रेग्युलेटर मात्र प्रोपेनचा हवा, कारण दाब जास्त. नळीही नवी हवी म्हणाला, आणि सिलिंडर कायम बाहेर. जोडायला फर्गललाच बोलाव, त्याच्याकडे परवाना आहे.

फर्गलला फोन केला. अठरा तारखेपर्यंत सवड नाही, तोवर हात लावू नका म्हणाला. मी पंचवीस वर्षे ट्रॅक्टर दुरुस्त करतो आहे. त्याला हे माहीत नसावे.

गुरुवार, ६ मार्च
लाल सिलिंडर आणला, रेग्युलेटरही. दुकानातल्या बाईंनी विचारले, नळी? म्हटले, आहे. आणि आहेच. तिच्यावर २००३ छापले आहे. त्या काळच्या वस्तू टिकाऊ. शिवाय उपवासात उधळपट्टी बरी नव्हे.

शनिवार, ८ मार्च
काम फत्ते. याचे आटे उलटे असतात. पाव तास मी घट्ट करतो आहे असे समजून सैल करत होतो. नम्रतेचा धडा म्हणून स्वीकारला. ज्योत निळी, किटली सहा मिनिटांत.

सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहायचे असतात म्हणे. मी जवळ जाऊन वास घेतला. काहीही नाही. अगदी स्वच्छ काम.

रात्री बहीण ॲट्रॅक्टाचा फोन. तुझ्या नाकाने तपासलंस? नाताळात तुला ताप आला तेव्हापासून तुला कशाचा वास येतोय? लापशी कोळसा झाली होती आणि तू चमचा घेऊन बसला होतास. नर्स आहे, माणसांना आजारी समजायची सवय लागली आहे तिला. लापशी फक्त कडेने जळली होती.

सोमवार, १० मार्च
मागच्या भिंतीला चुना दिला. दुधासारखी दिसते. लोक मागच्या दारानेच येणार. पण भिंतीसमोर तो लाल सिलिंडर.

पलीकडची म्हातारी नोनी कप घेऊन आली. म्हणाली, काय रे, दारात अग्निशामक दल उघडलंस का? फादरांनी तीर्थ घरावर शिंपडायचं की याच्यावर? बराच वेळ हसली. मी हसलो नाही.

मंगळवार, ११ मार्च
सिलिंडर आत घेतला. सिंकखालच्या कपाटात, पुढे आईचा फुलांचा पडदा. सुरेख. प्रोपेन हवेपेक्षा जड, फरशीवर साचतो, असे बार्टली म्हणाला होता खरे. पण दोनच दिवसांचा प्रश्न आहे. नळी दुमडावी लागली. कडक झाली आहे, म्हणजे मजबूत आहे.

बुधवार, १२ मार्च, दुपार
माझा कुत्रा ब्रॅन आत येत नाही. दारात उभा राहिला, कपाटाकडे पाहून गुरगुरला आणि गारठ्यात जाऊन बसला. हाक मारली, बिस्किट दाखवले. आला नाही. धुतलेल्या फरशीचा मान कुत्र्यालाही कळतो.

डोके दुखते आहे. उपासाने असेल, कालपासून शेगडीच पेटवलेली नाही. सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या, घर उबदार राहावे म्हणून.

संध्याकाळ
बशी काढायला कपाट उघडले तर आत बारीक सूं आवाज. नळाचा असणार. फर्गल आला की त्याला नळही दाखवीन. टेबलावर दोन मेणबत्त्या मांडल्या, काडेपेटी शेजारी. मग तिथेच बसून जपमाळ म्हटली. आवाज थांबला नाही, पण सवय झाली.

गुरुवार, १३ मार्च, दुपार
जसे झाले तसे लिहितो.

सव्वाआठला माणसे अंगणात जमू लागली. फादर पुढच्या दाराने येऊन बैठकीच्या खोलीत मिस्सेची वस्त्रे घालत होते. मिस्सेआधी खायचे-प्यायचे नसते, म्हणून शेगडी अजून पेटवली नव्हती. मेणबत्ती लावायला मी काडी हातात घेतली. नोनी मागच्या दारात आली आणि उंबऱ्यावरच थांबली. अगदी हळू आवाजात म्हणाली, कोलमन, बाळा, ती काडी खाली ठेव. ओढू नकोस. दिव्याच्या बटणाला कुणी हात लावू नका. चला, आतले सगळे बाहेर.

ती ओरडली असती तर मी वाद घातला असता.

बार्टली श्वास रोखून आत गेला. सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. मग तो उचलून अंगणात आणला. नळीला बोटभर भेग होती. ती त्याने मला दाखवली आणि गोठा झाडायला निघून गेला.

मिस्सा त्याच्या मेंढ्यांच्या गोठ्यात झाली. फादर म्हणाले, आज प्रवचन नको, फक्त आभार मानू. मी माणसे मोजली. बावीस. पुन्हा मोजली.

न्याहारी नोनीकडे. अंडी माझी होती.

मंगळवार, १८ मार्च
फर्गल आला. नवी नळी, साबणाचे पाणी, सिलिंडर भिंतीबाहेर. एकही बुडबुडा नाही. पाऊण तासात उरकले. भेगाळलेली नळी हातात फिरवत त्याने विचारले, हे आधी कुणी जोडलं होतं?

म्हटले, आधी राहणाऱ्यांनी.

हे घर माझ्या आजोबांनी बांधले आहे.

तो म्हणाला, मग नशीबवान होते बिचारे.

हो म्हटले. चांगली माणसे होती.