हो म्हणवून घेणारा प्रश्न

आई, आज शाळेतून आले आणि चपला न काढताच बसून राहिले. थकले गं. तू गेलीस तेव्हा आपल्याकडे साधा फोनही नव्हता, त्यामुळे मी काय शिकवते ते तुला सांगायलाच हवं. मुलांना मी इंटरनेटवर माहिती शोधायला शिकवते. काहीही विचारा, ढीगभर उत्तरं समोर येतात. त्यातलं खरं कोणतं, हा माझा विषय. सक्करदऱ्याची शाळा, तापलेली खोली, निम्मे पंखे बंद, आणि पोरं पहिलं दिसलं ते उतरवून मोकळी. "अरे, लिहिलं कोणी ते तरी बघा!" ओरडून ओरडून घसा बसतो. मग मी त्यांना तुझी गोष्ट सांगते.

ताईला खाप्याचं स्थळ आलं होतं. मध्यस्थ म्हणे पोरगा हिरा आहे, मामा म्हणे उरकून टाका. तू मला घेऊन सरळ खाप्याची बस धरलीस. त्यांच्या नातेवाइकांकडे फिरकलीच नाहीस. आधी पिठाच्या चक्कीवर थांबलीस, मग पाणी मागायच्या निमित्तानं त्यांच्या शेजारणीकडे, जिचं त्यांच्याशी बोलणंही बंद होतं. मी आगाऊपणे विचारलं, "मावशी, पोरगा चांगला आहे ना?" काय चिमटा काढलास! बाहेर आल्यावर म्हणालीस, "असं काहून विचारलं वं? चांगला आहे ना म्हटलं का लोक हो म्हणून मोकळे होतात. पोरगा संध्याकाळी कुठं असते, हे विचारा लागते." चक्कीवाल्यानं आणि शेजारणीनं एकच जागा सांगितली, जुगाराचा अड्डा. स्थळ तिथंच मोडलं.

पोरं यावर खो खो हसतात. या वेळी नववीतली एक मुलगी हसली नाही. तास संपल्यावर आली. तिच्या आईनं मोबाइलवर काहीतरी पाहून शुगरच्या गोळ्या सोडल्या होत्या आणि मेथीचं पाणी धरलं होतं. "मॅडम, मी शोधलं ना. सगळे हो म्हणून राहिले." तिनं विचारलं होतं, मेथीच्या पाण्यानं शुगर बरी होते ना? मी म्हटलं, आता विचार, गोळ्या अचानक बंद केल्या तर काय होतं? आणि सांगणारा काही विकत तर नाही ना, तेही बघ. ती वाचत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. आज येऊन म्हणाली, "आईले दवाखान्यात नेलं, मॅडम. शुगर खूपच वाढली होती. आता गोळ्या घेऊन राहिली." तिला वर्गात पाठवलं.

खोली रिकामी झाल्यावर मी तिथंच बसले आणि तुझा आजार शोधला. हे मी नेहमी करते. तू पोट धरून बसायचीस, "गॅस झाला वं" म्हणायचीस, आणि आम्ही सगळे ते खरं मानायचो. मी दरवेळी एवढंच विचारते: लवकर कळलं असतं तरी हा आजार बरा झाला नसता ना? वरचं उत्तर हो म्हणतं. ते वाचते आणि खालचं एकही न उघडता कॉम्प्युटर बंद करते.