निशाणी बांगडीची

लिहून ठेवतो मी, खुशालराव वल्द सूर्यभान, जात कुणबी, धंदा शेती, राहणार जुने शहर, अकोला. छातीत कफ दाटला आहे, पण डोके ठिकाणावर आहे आणि हा कागद मी आपखुशीने करतो. लेखणी मोरोपंतांची, शब्द माझे. "खुशालराव, हे कागदात शोभत नाही," असे ते मधून मधून म्हणतात. मी म्हणतो, "लिवा, पंत."

कलम पहिले. अकोटच्या वाटेवरचे काळ्या मातीचे शेत मी रुईला सोन्याचा भाव आला त्या सालात स्वतःच्या मेहनतीने घेतले. त्यात वडिलार्जित काही नाही, सबब धाकटा भाऊ देवीदास याचा हिस्सा नाही. ते शेत, विहीर, बैलजोडी आणि तिफण माझा एकुलता मुलगा भगवंत याची बायको पार्बताबाई हिला देतो. राहते घरही तिचेच.

कलम दुसरे. तांब्याची मोठी घागर देवीदासास द्यावी. त्याच सालात वजन वाढावे म्हणून माझ्या पाठीमागे त्याने या घागरीने रुईवर पाणी शिंपडले आणि गठाणी बांधल्या. तेव्हा गावोगाव हेच चालले होते, हे खरे. पण मुंबईहून व्यापाऱ्याचा निरोप आला, तुमच्या गठाणी ओलीने आतून तापल्यासारख्या लागतात, माणूस पाठवा. पाणी मारले काकाने, जाब द्यायला गेला पुतण्या. आपल्या खुणेचा माल ओळखायला भगवंत मुंबई बंदरात आगबोटीच्या पोटात उतरला आणि बोट पेटली. जळत जळत बुडाली. पुष्कळ घरांतली माणसे गेली. आग आमच्याच गठाणींनी लागली असे मी म्हणत नाही. लागली नाही, असे देवीदासानेही म्हणू नये. त्याने रोज त्या घागरीतले पाणी प्यावे.

कलम तिसरे, आणि हेच मुख्य. भगवंताचा देह मिळाला नाही. अशा माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात, मग तो मेला असे धरतात. देवीदास मागे लागला आहे, "दादा, पयसाचा पुतळा जाळून मोकये व्हा. काहून वाट पाहून राहिले?" त्याला पुतण्याचा कळवळा नाही. पुतळा जळाला की पार्बता निपुत्रिक विधवा, तिला नुसते अन्नवस्त्र, आणि माझ्यामागे सगळे याच्या पोरांचे. म्हणून मी पळसाचे पान उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही. तेव्हापासून आमच्या घरी पत्रावळसुद्धा आली नाही.

पार्बता अजून कुंकू लावते. आशेने लावते की भाकरीच्या भीतीने, हे तिला विचारायला मला धीर झाला नाही. आता शेत तिचे झाले, भीतीचे कारण उरले नाही. पुतळा ती सांगेल तेव्हा करावा. कधीच सांगितले नाही तर कधीच करू नये. तिने पाट लावून दुसरे घर केले तर शेत तिच्याबरोबर जाईल. माझ्या चितेचे निमित्त करून कोणी भगवंताचेही उरकून घेऊ नये. माझे पोर मला शेवटचे डोळ्यांनी पाहायला मिळाले नाही, निदान त्याचा निकाल तिच्या तोंडून व्हावा.

माझ्या अस्थी कौंडण्यपूरला वर्धा नदीत सोडाव्यात. नदी पुढे समुद्राला मिळते असे मोरोपंत सांगतात. समुद्र सगळा एकच असेल तर बापलेकांची भेट होईल.

कागद वाचून दाखवला. लिहिता न येणाऱ्या कुणब्याच्या नावापुढे नांगराची निशाणी काढतात, बाईच्या नावापुढे बांगडीची. पार्बताच्या नावाशी, सवाष्णीची बांगडी काढावी की नाही म्हणून, पंतांची लेखणी थांबली आणि ते माझ्याकडे पाहू लागले. दाराआडून तीच बोलली, "पंत, आज बांगडीच काढा. मामाजी, उद्या काय काढाचं ते मी सांगीन."

ठिकाण अकोला. कार्तिक शुद्ध पंचमी, शके १७९०.

खुशालराव वल्द सूर्यभान, निशाणी नांगर.
मान्य: पार्बताबाई, निशाणी बांगडी.
साक्ष: वामनराव, शेजारी. पंजाबराव, सोयरे.
दस्तुर मोरोपंत.