व्हॉल्व्हचा ॲम्प आणि माझा कान

रविवार, २ नोव्हेंबर

जळाला! प्रॅक्टिस चालू असतानाच माझ्या गिटारच्या जुन्या ॲम्पमधून धूर. आणि सणाला उरले चौदा दिवस. उपकारस्तुतीचा सण — लोक धान्य, पपया, कोंबड्या वाहतात, उपासनेनंतर चर्चच्या अंगणात त्यांचा लिलाव होतो, आणि लिलाव संपेपर्यंत आमचा ग्रुप वाजवतो. गीतं मराठी, बाज अमेरिकन कंट्री संगीताचा. नगरमध्ये हे दुसरं कोणी करत नाही.

आमोस म्हणाला, "आता जुन्या रेडिओसारखा व्हॉल्व्हचाच घेऊ. दाजी, तुम्ही निवडा. तुमच्या कानापुढं आम्ही कोण?" आमोस म्हणजे माझा मेव्हणा, ग्रुपचा गायक. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या बायकोने, दीनानेसुद्धा.

तेव्हाच बोलायला हवं होतं. ऑगस्टमध्ये कंपनीत कानांची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "वरचे, बारीक आवाज गेलेत. परत यायचे नाहीत. कानात प्लग घालत नव्हता का?" नव्हतो घालत! नागापूरला प्रेस शॉपमध्ये वीस वर्षं काढली. डाय, म्हणजे साचा, नीट बसते की नाही हे ठोक्यावरून कळतं. प्लग घातल्यावर काय कळणार, कपाळ? सगळे म्हणायचे, स्टीफनचा कान म्हणजे कान. चढली होती मला.

रिपोर्ट टूलबॉक्समध्ये, पान्यांच्या खाली. दीनाला माहीत नाही. कोणालाच नाही. कळलं तर गिटार जाईल, आणि गिटार गेली की मी नुसता प्रेस ऑपरेटर. मला भीती वाटते.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सुट्टी टाकून पुण्याला. सेकंडहँड, पण परदेशी ॲम्प, बावीस वॉट. कंट्रीला हवा तसाच म्हणे — आवाज वाढवला तरी फाटत नाही, वरचे सूर काचेसारखे. दुकानदार डोळे मिटून ऐकत होता. मला मात्र गोधडीखालून वाजवल्यासारखं! ट्रेबल, म्हणजे वरच्या सुरांचं बटण, वाढवत गेलो. पाच, सात, दहा. काउंटरवरच्या मुलीने कानात बोटं घातली.

"शुक्रवारपर्यंत ठेवतो तुमच्यासाठी," दुकानदार म्हणाला. माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होता. की मलाच तसं वाटलं?

बुधवार, ५ नोव्हेंबर

दीनाने विचारलं, आवडला का? म्हटलं, बघू.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

श्रीगोंदा. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. ज्यांचं नाव नुसतं ऐकून होतो, त्या कारभारीमामांचं दुकान स्टँडच्या मागे. आयुष्य साखर कारखान्यात गेलं, आता लाउडस्पीकर दुरुस्त करतात. टुरिंग टॉकीजचा एक जुना ॲम्प उघडून त्यांनी गिटारचा केलाय. लाकडी पेटी, चार व्हॉल्व्ह, पुढे तीन बटणं.

तारेवर पिकची चकती फिरवली आणि — ऐकू आलं! सगळं! पिकची टिचकीसुद्धा. दोन वर्षांत असं ऐकलं नव्हतं. वाजवता वाजवता रडायलाच आलं. मामांचेही डोळे भरले. मोठ्याने म्हणाले, "ट्रेबलला एक कपॅसिटर जास्तीचा घातलाय मी. लोकं म्हनत्यात लई कडक हाय. त्यांला काय कळतंय! तुमी पयलं मानूस, ज्याला ह्यो कळला."

म्हणजे कान ठीक आहे माझा! पुण्याचा ॲम्पच बंडल होता. गाडीत बसूनच आमोसला सांगितलं — पुणे रद्द कर.

शनिवार, ८ नोव्हेंबर

प्रॅक्टिस. पहिल्याच गाण्याला आमोसने मान आक्रसली. "दाजी, जरा… कानात सुई टोचल्यागत होतंय."

"कंट्री असंच असतं!" मी ओरडलोच. सगळे मुकाट पुढच्या गाण्याला लागले. वाद घातला असता तर बरं झालं असतं. पुण्याचा ॲम्प काल संध्याकाळीच दुसऱ्याने उचलला म्हणे.

दीना गात होती. मधेच माझ्याकडे बघून थांबली. काय झालं ते विचारलं नाही मी.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आमोसच्या कानात कापूस! मी बघितल्यावर पटकन काढून खिशात टाकला. गाण्याच्या मधे! शरमेने मान वर करवेना.

पण मग मामांचं काय? त्यांनाही तोच आवाज गोड लागला. म्हणजे चूक ह्या ग्रुपवाल्यांची. एवढ्या एका आधारावर चाललोय.

शनिवार, १५ नोव्हेंबर

उद्या सण. राहवेना, मामांना फोन केला — तो जास्तीचा कपॅसिटर काढला तर? मामा नुसतेच "हॅलो, कोन? हॅलो, कोन?" करत राहिले. शेवटी त्यांच्या बायकोने, राहीबाईंनी, फोन घेतला.

"त्यांला फोनवरलं कळत न्हाई, भाऊ. तीस वर्सं कारखान्याच्या मिलवर हुते, कान तितंच गेलं. कुकरची शिट्टी बी ऐकू येत न्हाई. ती पेटी वाजवाया बसले का आमी समदे भाईर जाऊन बसतो."

आणि हसल्या. मीही हसलो, काय करणार! एका बहिऱ्याने स्वतःच्या कानाच्या मापाने ॲम्प शिवला, आणि तो बरोबर दुसऱ्या बहिऱ्याला बसला. फोन ठेवून टूलबॉक्स उघडला. रिपोर्ट काढून खिशात ठेवलाय. आमोसच्या घरी निघालोय.

रविवार, १६ नोव्हेंबर

काल रिपोर्ट बघून आमोस म्हणाला, "वाजवायचं तुम्हीच, दाजी. बटणं मी फिरवतो." एवढंच. मला वाटलं होतं, आभाळ कोसळेल.

दीनाला आज सकाळी चहाच्या वेळी रिपोर्ट दिला. तिने दोनदा वाचला. मग माझ्या अगदी समोर येऊन बसली आणि सावकाश, एकेक शब्द मोकळा करून म्हणाली, "दोन वर्षं मला वाटत होतं, तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता. म्हणून मी काही सांगायचंच सोडून दिलं होतं."