बाईंच्या नोंदी नक्की कुठे जातात

४ फेब्रुवारी
ग्रंथालयात नवे कॉम्प्युटर आले. जुना कॅटलॉग-प्रोग्रॅम अडून बसला. त्याला स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहायचं असतं, नवी सिस्टिम लिहू देत नाही. मी आडवाट काढली. आता प्रोग्रॅमला वाटतं, आपण आपल्या जागीच लिहिलं. फाइल मात्र गुपचूप, त्या वेळी कॉम्प्युटरवर जो बसला असेल त्याच्या खात्यात जाते. प्रोग्रॅमही खूश, सिस्टिमही खूश. मी सर्वांत खूश.

९ मार्च
ग्रंथपाल बाई निवृत्तीआधी पुस्तकांची नऊ हजार कार्डं कॉम्प्युटरवर चढवताहेत. काउंटरवरचे काका म्हणाले, बाईंच्या नोंदी माझ्या कॉम्प्युटरवर दिसत नाहीत. रिफ्रेश करा म्हटलं. लोकांना धीर नाही.

१२ जून
काकांचं पुन्हा तेच. उद्या नक्की बघणार.

७ ऑक्टोबर
बाईंनी विचारलं, कार्डं रद्दीत देऊ का? खुशाल द्या म्हटलं. बॅकअप रोज होतो. कशाचा होतो, ते एकदा बघायला हवं.

३१ ऑक्टोबर
बाईंचा निरोप समारंभ. म्हणाल्या, "तू होतास म्हणून झालं हे." गहिवरलो. नियमाप्रमाणे संध्याकाळी त्यांचं खातं डिलीट केलं. एवढा तत्पर माणूस इथे दुसरा नाही.

३ नोव्हेंबर, स. १०.२०
काकांना बाईंची एकही नोंद दिसत नाही. रिफ्रेश केलं.

१०.५०
बॅकअप उघडला. प्रोग्रॅमच्या जुन्या फोल्डरचा, फेब्रुवारीपासून जसाच्या तसा. सगळ्या नोंदी बाईंच्याच खात्यात होत्या.

५ नोव्हेंबर
खातं परत येत नाही. तसा दोष प्रोग्रॅमचाच. असं दिवसभर स्वतःला सांगितलं. रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी बाईंना जाऊन सांगा. उद्या सांगणार.

८ नोव्हेंबर
बाईंना फोन केला. तब्येतीची चौकशी करून ठेवला. त्यांनी आशीर्वाद दिला. लाज वाटली.

१२ नोव्हेंबर
गेलो शेवटी. म्हटलं, "बाई, तुमचं सगळं काम माझ्या हातून गेलं." बाई म्हणाल्या, "उद्या दहाला येते. मी वाचते, तू टाइप कर."

१३ नोव्हेंबर
पहिल्या कपाटापासून सुरुवात. दिवसभरात एक्केचाळीस पुस्तकं. मन जरा हलकं झालं. निघताना बाईंनी विचारलं, "हे आता नक्की कुठे जातंय रे?"

ऐटीत काकांच्या कॉम्प्युटरवर दाखवायला गेलो. एकही नोंद नाही. आडवाट बंद करायची राहिलीच होती. एक्केचाळीसही माझ्या खात्यात.

बाई दाराशी चष्मा पुसत उत्तराची वाट बघत होत्या.